गोड पाण्याची अट

"पान सत्त्याऐंशी! बरोबर तिथेच बोट ठेवलं बघ!"

स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलेली नॅन्सी दचकली. ती केमिस्ट्रीची, आणि समोर मोबाइल हातात धरून उभी असलेली संजना गणिताची. एकाच कॉलेजात दोघींची वीस वर्षं गेली होती, पण संजनाला असं उभं राहून ओरडताना नॅन्सीनं कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं? लॉटरी लागली का?"

"नापास झाले," संजना म्हणाली. "म्हणजे जवळजवळ."

"आणि हसतेस काय गं?"

संजनानं मोबाइल तिच्यापुढे धरला. पीएचडीच्या प्रबंधावर बाहेरच्या परीक्षकाचा अहवाल आला होता. तेरा वर्षं कॉलेजच्या तासांतून, पेपर तपासण्यातून, सासूबाईंच्या आजारपणातून वेळ चोरून तिनं तो लिहिला होता. वयाची बावन्न वर्षं झाली होती. आता अहवालात लिहिलं होतं की चौथ्या प्रकरणातली सिद्धता अपुरी आहे, ती तीस दिवसांत पूर्ण करावी; अन्यथा पदवीची शिफारस करता येणार नाही.

"मग रडायचं सोडून—"

"ऐक ना. तू डोंगराच्या शिखरावर उभी राहिलीस, तर पायाखाली जमीन सपाट असते की नाही?"

"असते."

"मग सपाट जमीन दिसली की आपण शिखरावर आलो, असं म्हणशील?"

नॅन्सीनं खिडकीबाहेर पाहिलं. "मग आपली अख्खी वसई शिखरच झाली."

"तेच! मी पान सत्त्याऐंशीवर नेमकी हीच चूक केलीय. सपाट जागा दाखवली आणि शिखर म्हणून झेंडा लावला. आणि मला तिथे काहीतरी टोचत होतं गं, पण नक्की कुठे ते सापडत नव्हतं. या माणसानं बोट ठेवलं!"

संजनाचा विषय होता नियंत्रण सिद्धांत. आपल्या हातात एखादीच चावी असते, नळ किती सोडायचा, ब्रेक कधी दाबायचा, एवढीच. त्या एका चावीनं सगळ्यांत चांगला परिणाम कसा साधायचा, याचं हे गणित. आपण निवडलेली वाट खरोखर सर्वोत्तम आहे की नाही हे ओळखायच्या ज्या कसोट्या, त्यांना इष्टतमतेच्या अटी म्हणतात. काही अटी शिखरावर पाळल्या जातातच, पण इतर ठिकाणीही पाळल्या जातात. दुसऱ्या काही अशा असतात की त्या पाळल्या गेल्या म्हणजे शिखर पक्कं. पहिल्या प्रकारची अट दुसऱ्या प्रकारची म्हणून वापरली, तर सिद्धतेला भोक पडतं.

आणि तिचं चौथं प्रकरण होतं विहिरीबद्दल. खाडीकाठच्या विहिरीत गोडं पाणी वर तरंगतं, खाली खारं पाणी टपून बसलेलं असतं. पंप जोरात लावला की खालचं खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. मग उन्हाळ्यात पंप किती चालवायचा, की वाडी जगेल आणि विहीरही गोडी राहील? संजनानं उत्तर काढलं होतं: पाणी एका ठरावीक पातळीवर आणायचं आणि मग झरा जेवढं देईल तेवढंच उपसत राहायचं. या वाटेला ती समतोलाची वाट म्हणे. नेहमीची कसोटी दर क्षणी एक आकडा देते. आकडा धन आला तर पंप पूर्ण चालू, ऋण आला तर पूर्ण बंद. पण समतोलाच्या वाटेवर तो आकडा शून्यच राहतो आणि कसोटी मूग गिळून बसते. ते मौन म्हणजे होकार, असं संजनानं धरलं होतं.

त्या रविवारी ती राजोडीला सालोमी मॅडमकडे गेली. मॅडम तिच्या मार्गदर्शक. विद्यापीठातून निवृत्त होऊन त्या आता किनाऱ्याजवळच्या वडिलोपार्जित घरात एकट्या राहत. पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न सुरूच्या झाडांतून ऐकू येत होते. मॅडमनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला.

"संजना, चौथं प्रकरण काढून टाक. पहिली तीन पुरेशी आहेत. मी तसं पत्र देते. पदवी मिळेल."

"पण मॅडम, चौथ्यातलं उत्तर तुम्हाला खरं वाटतं का?"

"खरं असेलही. सिद्ध झालेलं नाही."

"मग सिद्ध करते."

"तीस दिवसांत? अगं, तेरा वर्षांत जे जमलं नाही—"

"तेरा वर्षं मला भोक कुठे आहे तेच माहीत नव्हतं. आता माहीत आहे!"

सालोमी मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "तुझी मुदत आता वाढणार नाही, हे तुला कळतंय ना? नाही जमलं तर सगळंच जाईल. एवढं काय आहे त्या विहिरीत?"

संजना अहवाल पर्समध्ये ठेवू लागली.

त्या विहिरीत काय आहे, ते तिनं कधी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिची बारावीची परीक्षा संपली होती, मे महिन्याचा शेवट होता. आई आणि वडील लग्नाला गेले होते आणि खाडीकाठची केळीची वाडी संजनावर सोपवली होती. "सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. जास्ती नाय," आईनं बजावलं होतं. सकाळी पंप लावून संजना केळीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसली. एका गणितात अशी काही अडकली की ते सुटलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पंप सात तास धडधडत होता. विहीर मचूळ झाली. केळीची पानं कडेनं करपू लागली. आई आली, तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, आणि एक शब्द बोलली नाही. जूनमध्ये संजना शिकायला ठाण्याला मावशीकडे गेली. नंतर सुट्टीत चार दिवस यायची, पण वाडीकडे फिरकायची नाही. लाज वाटायची.

एव्हरशाईन सिटीतल्या घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, विहिरीचं सोडून. भूपेश एका कारखान्यात सुपरवायझर होता. गणिताशी त्याचं कधी जमलं नव्हतं, पण बायकोचा चेहरा त्याला वाचता यायचा.

"मॅडमचं ऐकणार नाहीस ना?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला? भाजी मी आणतो, डबे मी भरतो. तू बस. फक्त माझ्या भाकऱ्यांना नावं ठेवायची नाहीत."

पहाटे पाचला उठून ती डायनिंग टेबलाशी बसू लागली. एक उपाय करून पाहिला, फसला. दुसरा केला, तो चार पानं छान धावला आणि पाचव्यावर तोंडघशी पडला. अठरा दिवस गेले. भूपेश रद्दीचा गठ्ठा बांधताना म्हणाला, "एवढ्या कागदावर दोन माणसांनी डॉक्टरकी केली असती." पण गंमत अशी की तिचा उत्साह ओसरत नव्हता. इतकी वर्षं ती दुसऱ्यांची गणितं शिकवत होती. हे तिचं स्वतःचं होतं, आणि ते जिवंत होतं, चकवत होतं, चावत होतं.

एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी, बारावी सायन्सला तास होता. दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ. तिनं फळ्यावर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत दोन वक्र काढले, मधली जागा तिरप्या रेघांनी भरली. पहिल्या बाकावरच्या निधीनं हात वर केला.

"मॅडम, कर्व्ह मध्येच क्रॉस झाले तर साइन बदलते ना? पण क्रॉस झालेच नाहीत, आणि मधल्या सगळ्या एरियात साइन एकच असली, तर मग कुठलाही कर्व्ह घेतला तरी आन्सर प्लसच येणार ना? कर्व्ह बघायची गरजच नाही?"

"हो, म्हणजे—" संजना म्हणाली आणि थांबली.

खडू फळ्यावर टेकलेला राहिला. तिनं समोरच्या दोन रेघांकडे पाहिलं. एक माझी वाट. दुसरी आणखी कुणाची तरी. दोन्ही निघतात एकाच ठिकाणाहून, पोचतात एकाच ठिकाणी. मी इतके दिवस माझ्याच वाटेवर भिंग लावून चालतेय, आणि तिथे तर सगळं शून्य! वाटेवर बघायचंच नाही. दोन वाटांच्या मधली जमीन बघायची. त्या जमिनीवर सगळीकडे एकच चिन्ह असेल, तर समोर कुठलीही वाट येऊ दे...

"आण कुणाचीही वाट!" ती मोठ्यानं म्हणाली.

"कुणाची वाट लागली, मॅडम?" मागून कुणीतरी विचारलं आणि वर्ग खदखदला.

"माझी लागायची होती, ती वाचली!" संजना म्हणाली. "उदाहरण सहा आणि सात सोडवा. मला दहा मिनिटं द्या. कृपा करा."

ती फळ्याच्या उरलेल्या अर्ध्यावर भराभर लिहू लागली. खडू मोडला, दुसरा घेतला. मुलांनी उदाहरण सहा सोडवलं नाही, ती मॅडमकडेच बघत बसली. पदराला, केसांना, चष्म्याला खडूची पूड लागली होती. घंटा झाली. दारात नॅन्सी उभी राहिली. तिच्या हातात केमिस्ट्रीची पुस्तकं होती.

"पुसू नकोस!" संजना म्हणाली. "माझ्या गळ्याची शपथ, हा अर्धा पुसू नकोस!"

नॅन्सीनं फळ्याकडे पाहिलं, मैत्रिणीकडे पाहिलं, आणि पूर्ण तास उरलेल्या अर्ध्या फळ्यावर शिकवला.

शुक्रवारभर संजना हवेत होती. शनिवारी दुपारी जमिनीवर आली. मधल्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चिन्ह एकच होतं, पण सगळीकडे नव्हतं. गोड्या पाण्याचा थर एका मर्यादेपेक्षा पातळ झाला की चिन्ह उलटत होतं. तिथे समतोलाची वाट सर्वोत्तम नव्हतीच. मग सर्वोत्तम काय? तिनं आकडेमोड केली. उत्तर आलं: पंप पूर्ण बंद. थर पुन्हा त्या मर्यादेवर चढेपर्यंत एक थेंबही उपसायचा नाही.

तिनं पुन्हा तपासलं. तेच उत्तर.

"हे खोटं आहे," ती भूपेशला म्हणाली. "उभी वाडी डोळ्यांसमोर जळत असताना पंप पूर्ण बंद कोण ठेवेल? थोडं तरी पाणी माणूस देणारच. म्हणजे माझ्या मांडणीतच काहीतरी चुकलंय."

"वाडीचं मला काय विचारतेस?" भूपेश म्हणाला. "जिला कळतं तिला विचार."

रविवारी सकाळी ती स्कूटर काढून खाडीकाठच्या गावी गेली. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. शहात्तर वर्षांची आई, भागूबाई, वाडी अजून स्वतःच बघायची. ती अंगणात बसून मुळ्याच्या जुड्या बांधत होती.

"या वक्ताला कशी आलीस गो? बरं हाय ना सगलं?"

"आये, एक विचारू? मी विहीर मचूळ केली होती बघ. त्या साली."

भागूबाईचे हात थांबले नाहीत. "कवाची गोष्ट काढतेस."

"त्यानंतर तू काय केलंस? पंप थोडा थोडा लावायचीस का?"

"थोडा थोडा कसा लावनार? थोडा लावला का खारं परत वर. बंद केला. पंपाच्या खोलीला कुलूपच लावलं. एक कळशी नाय काढली."

संजना एक पाऊल पुढे आली. "किती दिवस?"

"दिवस? दोन उन्हाळे."

"दोन उन्हाळे! मग केळी?"

"मेली ना. दोनशे खुंट होते. पानवेल पन गेली."

"आणि आपलं घर?"

भागूबाईनं जुडीला गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "मीच गेले मिठागरावर, मिठाच्या टोपल्या वाहायला. तुझ्या बापाची नोकरी होती म्हना, पन त्याच्यात तुझं शिक्षन बसत नव्हतं. दोन उन्हाळे गेले."

कुंपणापलीकडे कुणीतरी गाई हाकत होतं. संजना पायरीवर बसली. दोन उन्हाळे ती ठाण्याला मावशीच्या गच्चीत सावलीला बसून कलनशास्त्र शिकत होती. घरून निरोप यायचा, वाडी ठीक आहे.

"मला का नाय सांगितलंस, आये?"

"सांगून पानी गोडं झालं असतं का? तू तिथं गनित करत होतीस. म्हनलं, करू दे. ज्याच्यापायी विहीर गेली, ते तरी पुरं येऊ दे तुला."

संजनानं जुडीतून निसटलेला एक मुळा उचलून आईपुढे ठेवला. मग तिनं विचारलं, "पण परत कधी चालू करायचा, ते कसं ठरवलंस?"

"रोज सकाळी एक थेंब जिभेवर. मग एके दिवशी त्या पान्यात डाळ शिजवून बघितली, खाऱ्यात ती शिजत नाय. शिजली. मग काढलं कुलूप." आणि मग लेकीकडे निरखून बघत, "रडतेस कशाला? झाली ना गोडी? तीस वर्षं झाली गोडी होऊन."

"मी रडत नाय," संजना म्हणाली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. "आये, माझं गनित बरोबर आलंय! तेच म्हणतंय ते. बंदच ठेवायचा म्हणतंय! कागद दे, कसलाही दे."

भागूबाईनं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवून दिलं. संजना अंगणातच मांडी ठोकून त्याच्या पाठकोऱ्या पानांवर लिहीत बसली. जानेवारीपासून सुरुवात केली. मर्यादेच्या वरच्या भागात समतोलाची वाट, खालच्या भागात पंप बंद, आणि दोन्ही मिळून एकच सिद्धांत. मार्चच्या पानावर तिला सांधा सापडला. जूनच्या पानावर शेवटची ओळ आली. मध्ये कधीतरी आईनं तांदळाची भाकरी आणि सुकट पुढ्यात ठेवली होती, ती तिनं डाव्या हातानंच खाल्ली.

"हात तरी धुवून घे," भागूबाई म्हणाली. पण तिला उठवलं नाही.

तिथूनच ती थेट राजोडीला गेली. ऊन अजून व्हरांड्यात होतं. सालोमी मॅडमनी कॅलेंडरची पानं टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर शंख ठेवले आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसल्या. फेब्रुवारीच्या पानावर त्यांनी एक चिन्ह खोडलं.

"इथे ऋण हवं."

संजना टेबलावर वाकली. "मग पुढचं सगळं—"

"पुढे दोनदा वापरलंयस, दोन्ही वेळा निघून जातं. घाबरू नकोस. बस समोर. आता मी तुला हरवते."

मॅडमनी एक विचित्र वाट काढली: सुरुवातीला पंप सुसाट, मग बंद, मग पुन्हा सुसाट. "ही तुझ्यापेक्षा चांगली आहे म्हण." संजनानं दोन वाटांमधली जमीन रेघांनी भरून दाखवली, मॅडमची वाट हरली. मॅडमनी दुसरी काढली, मर्यादेच्या खाली बुडी मारून वर येणारी. तीही हरली. तिसरी काढताना सत्तरीतल्या मॅडम शाळकरी मुलीसारख्या ओठ चावत होत्या. तीही हरली. चौथीला त्यांनी पेन्सिल टेकवली, अर्धी रेघ काढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "युक्ती जुनी आहे, विमानं उंच चढवणाऱ्यांनी कधीच वापरलीय. पण विहिरीला ती कुणी लावली नव्हती, आणि हा खालचा भाग, हा तर फक्त तुझा." मग जरा थांबून, "तेरा वर्षांत मी तुला 'बरोबर आहे' असं पहिल्यांदा म्हणतेय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, मॅडम."

"बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस. जा आता, टाइप कर."

मुदतीच्या चार दिवस आधी प्रबंध गेला. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. परीक्षक पडद्यावर होते. तो 'माणूस' निघाला चाळिशीतली एक बाई, दक्षिणेकडच्या एका संस्थेतली. मराठी येत नव्हतं, बोलणं इंग्रजीतून झालं. तिनं दीड तास संजनाला उभं-आडवं घेतलं आणि संजनाला तो दीड तास संपू नये असं वाटत होतं. इतकं मन लावून तिचं पान सत्त्याऐंशी जगात दुसऱ्या कुणी वाचलं नव्हतं. शेवटी परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या खालच्या भागात पंप पूर्ण बंद ठेवा असं येतं. गणित पटलं. पण प्रत्यक्षात असं कुणी करतं का?"

"एकीनं केलं होतं. दोन उन्हाळे."

"मग संदर्भयादीत ते का नाही?"

"तिनं कुठे काही लिहिलेलं नाही. तिचं नाव कसं घालायचं ते मला कळलं नाही."

"खासगी संवाद म्हणून घालता येतं," पडद्यावरची बाई गंभीरपणे म्हणाली. "घाला. ती माझी अट आहे."

मागच्या खुर्चीत बसलेल्या सालोमी मॅडमनी रुमाल नाकाला लावला आणि खोकल्याचं निमित्त केलं.

बांधणी होऊन प्रबंध हातात आला, तसा तो घेऊन संजना वाडीत गेली. भागूबाईनं आधी हात धुतले, पदराला पुसले, मग ते काळं जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं. संजनानं संदर्भयादीचं पान काढून बोट ठेवलं. "हे बघ आये, इथे तुझं नाव."

इंग्रजी अक्षरांवरून भागूबाईनं बोट फिरवलं. "इतक्या मोठ्या लोकांच्या मधी मला कशाला बसवलंस?" ती म्हणाली, पण बोट तिथून लगेच उचललं नाही. मग पानं उलटत ती चौथ्या प्रकरणापाशी आली. तिथे एक आकृती होती: एक आडवी रेघ, तिच्याखाली वळत गेलेल्या दोन वाटा, आणि मधली जमीन तिरप्या रेघांनी भरलेली.

"ही काय?"

"ही आपली विहीर."

भागूबाईनं पुस्तक जरा लांब धरलं, मग जवळ घेतलं.

"कठडा नाय काढलास," ती म्हणाली.

संजनानं आकृतीकडे पाहिलं. खरंच, कठडा नव्हता. तिनं पर्समधून पेन्सिल काढली आणि त्या नव्याकोऱ्या, बांधलेल्या पानावर, वरच्या रेघेच्या दोन्ही टोकांना दोन उभ्या रेघा मारल्या.

"उंच काढ जरा," भागूबाई पुस्तकावर वाकून म्हणाली. "पोरं डोकावतात."

संजनानं कठडा आणखी थोडा उंच केला.